उन्हाळी बायबल शाळा: नागपूरच्या उन्हात, आणि घरापर्यंत

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मुलांसाठी पाच दिवसांची उन्हाळी बायबल शाळा ठरली की पहिली चर्चा रंगते ती बॅनर आणि टी-शर्टवर. त्याआधी एक गोष्ट ठरवा: शाळा संपल्यावर मुलांच्या घरी काय सुरू राहायला हवं? पाच दिवसांत मूल शिकलं ते घरी कुणी विचारलंच नाही, तर विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडेपर्यंत सगळं पुसलं जातं. घरी रोज दहा मिनिटं मिळाली तर मात्र फरक दिसतो. मूल मोठ्याने वाचायला लागतं, चारचौघांत एक वाक्य बोलतं, आजीला येणारं जुनं भजन नातवाच्या तोंडी येतं.

तारखा धरताना नवतपा, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सोडून द्या. मेचा पहिला आठवडा किंवा जूनचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. वेळ सकाळी ७.३० ते १०. बहुतेक ठिकाणी खेळ शेवटी ठेवतात, ते नागपुरात चुकतं. साडेनऊला अंगण तापलेलं असतं आणि मुलं घरी जाताना डोकं दुखतं म्हणतात. म्हणून आल्याआल्या वीस मिनिटं खेळ, मग गाणी २५ मिनिटं, गोष्ट २०, नाश्ता २०, हस्तकला ३०, वचन (बायबलमधली पाठांतराची ओळ) आणि निरोप २०. उरलेली पंधरा मिनिटं जा-ये आणि चपला शोधण्यात जातातच.

चाळीस मुलांचा हिशेब असा. वय ४ ते ६, ७ ते १० आणि ११ ते १४ असे तीन गट. लहानांत सहा मुलांमागे एक टीचर, मोठ्यांत दहामागे एक. पण कुठल्याही खोलीत मोठी माणसं दोन हवीतच, मुलं चारच असली तरी. प्यायला वीस लिटरचे दोन जार, सोबत माठ. पोह्यांचा दिवस असेल तर अडीच किलो पोहे, किलोभर कांदा, सांभार (कोथिंबीर) सढळ हाताने. तर्री (तिखट रस्सा) मोठ्यांपुरती वेगळी, लहानांना झेपत नाही. पन्ह्याला दोन किलो कैरी आणि सव्वा किलो गूळ लागतो. कैरी आदल्या रात्री उकडून गर काढून ठेवा, सकाळी फक्त पाणी, मीठ, वेलची. ओआरएसची दहा पाकिटं कपाटात असू द्या. कूलर लावला तर खोलीची एक खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा वाढतो.

गोष्टी पाचच घ्या. जक्कयाची गोष्ट (बायबलात लूक १९: बुटका, श्रीमंत जकातदार येशूला पाहायला झाडावर चढतो आणि मग लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल करतो) इथे छान जमते, कारण मराठी बायबलात तो उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर दाखवता येतो. जवळ झाड असेल तर गट तिथेच न्या, खोडाला लगडलेली फळं हाताने चाचपू द्या. नसेल तर एक फांदी आणा. मग विचारा: एवढा पैसेवाला माणूस लोकांदेखत झाडावर का चढला? मुलं आधी ‘बुटका होता’ म्हणतात. थांबा, दुसरं उत्तर येऊ द्या. सात ते दहाच्या गटाला नाण्यांवर हिशेब करायला लावा: कुणाचे पंचवीस रुपये लुबाडले असतील तर चौपट म्हणजे किती परत? शंभर म्हटल्यावर डोळे मोठे होतात. क्षमा मागणं म्हणजे परतफेडही, हे त्या शंभरात कळतं; वेगळं प्रवचन लागत नाही.

पाठांतराचं वचन दहा-बारा शब्दांचं हवं, मोठ्या देवनागरी अक्षरांत. इंग्रजी माध्यमाची मुलं अडखळतात म्हणून काहीजण रोमन लिपीत लिहून देतात. तसं केलं तर ती मराठी वाचणारच नाहीत. वचनाचे तीन तुकडे करा, रोज एक तुकडा फळ्यावरून पुसत जा. चर्चमधली मुलांची रविवारची शाळा (संडे स्कूल) जगभर पसरली ती ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांच्या १७८० च्या प्रयत्नानंतर. आठवडाभर राबणाऱ्या मुलांना तिथे वाचायलाही शिकवत. वाचन हा या कामाचा जुना धागा आहे, तो सोडू नये.

बक्षिसांबद्दल जरा कडक राहा. रोजच्या हजेरीला बक्षीस ठेवलं की ताप असलेलं मूलही चौथ्या दिवशी हजर होतं. सगळ्यांना शेवटी सारखी वस्तू द्या. नरकाची भीती घालून गोष्ट रंगवू नका, आणि ‘कोणाकोणाला येशू हवा, हात वर करा’ हेही नको; एकाने केला की सगळे करतात, त्यातून काहीच कळत नाही.

शेजारची दुसऱ्या धर्माची मुलं मैत्रीपोटी येतात. त्यांच्या आईवडिलांना आधी स्पष्ट सांगा की इथे बायबलच्या गोष्टी आणि प्रार्थना असतील, आणि लेखी संमती घ्या. नुसतं ‘समर कॅम्प’ म्हणून बोलावणं लबाडी आहे. संमतीच्या त्याच कागदावर फोन नंबर, ॲलर्जी आणि मुलाला न्यायला कोण येणार ते लिहून घ्या. रोज सोडताना सही. ‘शेजारचे काका आलेत’ एवढ्यावर मूल देऊ नका. मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर भिंतीवर लावा.

निरनिराळ्या मंडळ्यांची (पंथांची) मुलं एकत्र असतील तर आणखी एक खाचखळगा. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते नागपुरातच, पण मुलांच्या घरच्या रीती अजून वेगवेगळ्या आहेत. ‘बायबलात पुस्तकं किती?’ या खेळात प्रोटेस्टंट मूल ६६ म्हणेल, कॅथलिक ७३, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. गुण कापले तर वाद थेट आयांपर्यंत जातो.

आता घरचं पान. रोज निरोपाला अर्ध्या कागदावर तीन गोष्टी द्या: आजचं वचन, एक प्रश्न, एक छोटं काम. जक्कयाच्या दिवशी काम असं: ‘कुणाची एखादी वस्तू परत द्यायची राहिली आहे का? आज द्या.’ आईवडिलांना कार्यक्रमाआधीच अर्धा तास बोलावून घरची प्रार्थना कशी घ्यायची ते करून दाखवा. जेवणाआधी, दहा मिनिटं: एक भजन, मूल तीन-चार ओळी वाचतं, प्रत्येकजण दिवसातली एक गोष्ट सांगतो, शेवटी एकेका वाक्याची प्रार्थना. आईची नर्सिंगची रात्रपाळी असेल तर सकाळी करा, रोज न जमल्यास आठवड्यातून तीनदा. मोडतं ते दोन कारणांनी. एक, बाबा प्रवचन सुरू करतात. दुसरं, प्रार्थनेतून रागावणं: ‘प्रभू, ह्याला मोबाईल सोडायची बुद्धी दे.’ मुलाला ते बरोबर कळतं, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी प्रार्थनेच्या वेळी त्याला शी लागते.

समारोपाला स्टेजवरचा नाच बसवण्यात तीन दिवस घालवू नका. रविवारच्या उपासनेनंतर मुलांनीच आईबाबांना एकेक गोष्ट शिकवायची, गटागटाने, सतरंजीवर. मग तीन आठवड्यांनी टीचरने आपल्या गटातल्या प्रत्येक घरी फोन करायचा आणि एकच विचारायचं: घरचं पान कुठे आहे? फ्रिजवर चिकटवलेलं असेल तर जुलैपासून त्याच मुलांचा महिन्यातून एक शनिवार पक्का करा.