छोट्या नौकेतून सहकुटुंब महासागर ओलांडण्यापूर्वी या चुका टाळा

शिडाच्या छोट्या नौकेतून महासागर ओलांडायचे एकदा ठरले की पुढचे वर्ष-दीड वर्ष बहुतेक कुटुंबे नौकेच्याच मागे लागलेली असतात. नवी शिडे शिवून येतात, बॅटऱ्या बदलल्या जातात, सौर पॅनेल बसतात. आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात लक्षात येते की इंजिनाचे इंधन बंद करण्याची झडप कुठे आहे, हे नौकेवरच्या एकाच माणसाला ठाऊक आहे. या तयारीतल्या सगळ्या चुकांमध्ये मला हीच सर्वांत गंभीर वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी.

नौका एकाच्याच डोक्यात असणे

डेकच्या पुढच्या टोकाला सर्वाधिक वेळा जातो तो नौकेवरचा सर्वांत अनुभवी माणूस. त्यामुळे पाण्यात पडण्याचा धोकाही त्यालाच अधिक असतो. तो पडला, तापाने फणफणला किंवा त्याचा हात मोडला, तर उरलेल्या माणसाला शीड आखडता, नौका थांबवता, इंजिन सुरू करता आणि व्हीएचएफ रेडिओच्या (नौकेवरच्या बिनतारी संचाच्या) संकटकाळी वापरायच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर आपले अक्षांश-रेखांश सांगता आले पाहिजेत, तेही रात्री आणि मुले जागी असताना. याची परीक्षा किनाऱ्याजवळच घ्यावी. जाणत्या व्यक्तीने एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र केबिनमध्ये बसून राहावे, विचारल्याशिवाय बोलू नये आणि दुसऱ्याचे हात जिथे जिथे अडले ती प्रत्येक जागा वहीत टिपून ठेवावी. निघण्यापूर्वीच्या कामांची खरी यादी त्या वहीतून तयार होते.

पाण्यात पडलेल्या माणसाला परत वर घेण्याचा सराव बहुतेक जण तरंगती उशी टाकून करतात. उशीपर्यंत नौका नेणे जमते. पण भिजलेल्या कपड्यांतला, थंडीने गारठलेला, स्वतः काहीही करू न शकणारा माणूस डेकवर ओढून घेणे हे अगदी वेगळे काम आहे, आणि नुसत्या हातांच्या ताकदीवर ते एकट्याला बहुधा जमत नाही. शांत पाण्यात, नांगर टाकून, जॅकेट घातलेल्या खऱ्या माणसाला शीड चढवण्याच्या दोराने आणि विंचने (दोर ओढण्याच्या हातचक्राने) उचलून पाहावे. पहिल्या प्रयत्नाला किती वेळ लागतो हे पाहिले की माणूस पडूच नये यासाठीची व्यवस्था आपोआप मनावर घेतली जाते. अंगावर बांधायच्या हार्नेसचा पट्टा ज्या दोराला अडकवायचा तो कडेने न नेता शक्य तितका मध्यभागातून न्यावा आणि पट्टा इतका आखूड ठेवावा की माणूस कठड्याबाहेर जाऊच नये. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि मूल खालून निसटते.

पहाऱ्याचाही विचार आधीच व्हावा. २० नॉट (तासाला २० सागरी मैल) वेगाने समोरून येणारे जहाज आणि ५ नॉटने जाणारी आपली नौका यांच्यातले पाच सागरी मैलांचे अंतर १२ मिनिटांत संपते, त्यामुळे दर दहा मिनिटांनी चारी बाजूंना नजर फिरवावीच लागते. दोनच प्रौढ असतील तर तीन-तीन तासांच्या पाळ्या आठवडाभर घरीच पाळून पाहाव्यात. झोपमोड झाल्यावर आपण एकमेकांशी कसे बोलतो, हे समुद्रावर जाण्यापूर्वी कळलेले बरे.

बोट लागणार नाही असे धरून चालणे

पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना बोट लागते. साधारणतः दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही, म्हणून ती निघण्यापूर्वीच घ्यावी लागते. कोणत्या औषधाने कोणाला किती गुंगी येते हे जमिनीवरच तपासून ठेवावे. मुलांचे औषध आणि मात्रा डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्यावी, कारण प्रौढांसाठीचा कानामागे लावण्याचा पॅच मुलांसाठी नसतो. पहिल्या तीन दिवसांचे जेवण शिजवून ठेवावे. हलत्या केबिनमध्ये कांदा चिरत बसण्याची त्या दिवसांत कोणाचीच स्थिती नसते.

पाण्याखालच्या भोकांकडे दुर्लक्ष

नौकेच्या तळाला बेसिन, शौचालय आणि इंजिन यांच्यासाठी भोके असतात आणि प्रत्येकावर झडप असते. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर असलेल्या ३८ मिलिमीटर व्यासाच्या एका उघड्या भोकातून मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते. तरीही वर्षानुवर्षे न फिरवलेल्या झडपा घेऊन लोक निघतात. प्रत्येक झडप पूर्ण उघडून आणि बंद करून पाहावी. ती पितळेची असल्यास एका कोपऱ्यावर सुरीने हलकेच खरवडावे: पिवळ्याऐवजी गुलाबीसर रंग दिसला तर खाऱ्या पाण्याने त्यातले जस्त खाल्लेले असते आणि ती झडप लाथ लागूनही तुटू शकते. प्रत्येक झडपेशेजारी त्या मापाचे निमुळते लाकडी बूच दोरीने बांधून ठेवावे.

प्रवासात तळात पाणी दिसले तर आधी ते खारे की गोडे हे पाहावे. गोडे असेल तर टाकी, नळी किंवा डोलकाठीतून उतरलेले पावसाचे पाणी, आणि त्यात घाबरण्यासारखे फारसे नसते. खारे असेल तर झडपा, इंजिनाच्या दांड्याचे सील, सुकाणूच्या दांड्याची जागा, या क्रमाने कोरड्या हाताने चाचपडत जावे. पंप चालू असूनही पाणी उतरत नसेल तर आधी त्याची जाळी पाहावी. डब्यांवरची कागदी लेबले ओली होऊन सुटतात, वाहत तळाशी येतात आणि नेमकी त्याच जाळीवर चिकटतात. लेबले निघण्यापूर्वीच काढून डब्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव लिहावे. पुठ्ठ्याची खोकीही नौकेवर आणू नयेत; त्यांच्या घड्यांमधून झुरळांची अंडी येतात.

बंदरात चालणारे इंजिन समुद्रात चालेल असे मानणे

डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ साचतो आणि बंदरात तो शांत पडून राहतो. लाटांनी टाकी ढवळली की तो फिल्टरमध्ये जातो. इंजिन आधी धापा टाकते आणि मग बंद पडते, बहुधा किनारा जवळ आलेला असताना. निघण्यापूर्वी टाकी उघडून साफ करावी, भरपूर फिल्टर सोबत घ्यावेत आणि फिल्टर बदलल्यावर नळीतली हवा काढण्याचे काम दोघांनीही हाताने करून शिकावे.

डोलकाठीला धरणाऱ्या तारांसाठी एक सोपी परीक्षा आहे. कापसाचा बोळा तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवावा. तुटलेला एखादा धागा असेल तर कापूस तिथे अडकतो. जिथे तार टोकाच्या धातूत शिरते तिथे भिंगाने पाहावे, कारण गंजाची सुरुवात आतून होते. एक धागा तुटलेला दिसला तरी ती तार बदलावी.

पाण्याचा हिशेब सरासरी दिवसांवर करणे

कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे. सरासरी ५ नॉट धरले तर दिवसाला १२० मैल, म्हणजे सुमारे २३ दिवस. पण वारा पडला किंवा डोलकाठी गेली तर हाच प्रवास कितीतरी लांबतो, म्हणून निम्मे दिवस अधिक धरावेत. चौघांसाठी माणशी रोज ३ लिटरप्रमाणे ३५ दिवसांचे ४२० लिटर होतात. खारे पाणी गोडे करणारे यंत्र असले तरी हा साठा असावाच, आणि तो एकाच टाकीत नसावा. सुटे कॅन काठोकाठ न भरता थोडी हवा ठेवावी, म्हणजे नौका सोडावी लागली तर ते तरंगतील.

लाइफराफ्टवर (फुगवायच्या जीवरक्षक तराफ्यावर) नको तितका आणि नको तेव्हा विश्वास

१९७२ मध्ये गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेलच्या धडकांनी रॉबर्टसन कुटुंबाची ‘ल्यूसेट’ बुडाली. मुलांसह सहा जण ३८ दिवस समुद्रावर राहून वाचले. मात्र राफ्ट मध्येच निकामी झाला आणि पुढचे दिवस सोबतच्या छोट्या होडीत काढावे लागले. याउलट शिडाच्या नौकांच्या १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळात २४ नौका सोडून देण्यात आल्या आणि त्यांतल्या बहुतेक नंतर तरंगताना सापडल्या. त्या वादळात १५ खलाशी दगावले. नौका खरोखर बुडत असेल तरच राफ्टमध्ये जावे. राफ्टच्या तपासणीची तारीख, ४०६ मेगाहर्ट्झच्या ईपर्बची (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणाऱ्या यंत्राची) बॅटरी आणि त्याच्या नोंदणीतले दूरध्वनी क्रमांक, हे तिन्ही निघण्याच्या महिनाभर आधी पाहावेत. नोंदणीत जुना क्रमांक असेल तर इशारा मिळूनही बचाव केंद्राला घरी कोणाशी बोलता येत नाही.

सर्वांना कळवलेल्या तारखेला निघणे

उत्तर अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. त्याआधी पोहोचण्याच्या किंवा तो संपताच निघण्याच्या घाईत अर्धवट कामे मागे राहतात. त्यात पाहुणे निरोपाला आलेले असतात, मुलांच्या शाळेला कळवलेले असते आणि परतीचे तिकीट काढून कोणी तरी पलीकडे वाट पाहत असते. आप्तांना तारीख न सांगता महिना सांगावा, आणि तोही ‘हवामान मिळाल्यास’ असे म्हणूनच. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज स्वच्छ नसेल, किंवा कोणाला ताप असेल, तर नांगर उचलू नये. मुलांना मात्र त्याचे कारण नीट समजावून सांगावे.