पहिली बाइक घेताय? ती पडणार हे धरूनच घ्या

पुण्यात ‘गाडी घेतली का?’ असं कोणी विचारलं तर ते दुचाकीबद्दलच असतं. चारचाकीला मुद्दाम ‘कार’ म्हणावं लागतं. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट, म्हणूनच की काय, पहिली बाइक घेताना फारसा विचार होत नाही. मॉडेल मित्र ठरवतात, विमा शोरूमवाला ठरवतो आणि आपण सही करतो.

गेल्या वर्षी भाच्याची बाइक घ्यायला त्याच्याबरोबर चार शोरूम फिरलो. तेव्हापासून एकच सल्ला देतो: नवशिक्याची गाडी पहिल्या वर्षात एकदा तरी आडवी होणार, हे गृहीत धरा. बहुतेक वेळा ती वेगात पडत नाही. सोसायटीच्या उतारावर, सिग्नलला पाय टेकताना, यू-टर्न घेताना पडते. गाडी आणि विमा, दोन्ही त्या हिशेबाने निवडा.

आधी लायसन्स

गिअरची बाइक चालवायला वय 18 पूर्ण हवं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीवर लाल अक्षरातला ‘एल’ हवा आणि मागच्या सीटवर लायसन्सधारक शिकवणारा. मैत्रिणीला मागे बसवून सिंहगडावर जायचं नाही. हे पोलिसांच्या भीतीने सांगत नाही. लायसन्सचे नियम मोडून गाडी ठोकली तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

गाडी: सीसीच्या आधी किलो बघा

सगळे सीसी विचारतात, वजन कोणी विचारत नाही. स्प्लेंडर प्लस 112 किलोची आहे, रॉयल एनफील्डची क्लासिक 350 जवळजवळ 195 किलोची. धावताना हा फरक फार जाणवत नाही. जाणवतो तो पेठेतल्या बोळात, दोन स्कूटरच्या मधून गाडी मागे ओढून काढताना. म्हणून शोरूममध्ये इंजिन चालू करण्याआधी हे करून बघा: गाडीवर बसा, दोन्ही टाचा टेकतात का पाहा. नुसते चवडे टेकत असतील तर खड्ड्यापाशी थांबताना तोल जाणार. मग खाली उतरा, हँडल धरून गाडी दहा पावलं मागे ढकला आणि डबल स्टँडवर लावून बघा. सेल्समन हसला तर हसू द्या.

टेस्ट राइड रिकाम्या रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. संध्याकाळी सहाला जा. क्लच अर्धा दाबून चालीच्या वेगाने गाडी किती सरळ जाते, हेच बघायचं असतं, कारण कर्वे रस्त्यावर ऑफिस सुटायच्या वेळी तुमची निम्मी राइड अशीच होणार आहे. भाच्याला आवडलेली गाडी या परीक्षेत नापास झाली. दहा मिनिटांत त्याचं डावं मनगट भरून आलं.

ब्रेकबद्दल मी हट्टी आहे. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, त्याखालच्या अनेक गाड्यांना फक्त सीबीएस असतं, म्हणजे एका ब्रेकने दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी सोय. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल वर येतं, पांढरे पट्टे निसरडे होतात. नवखा माणूस घाबरला की ब्रेक करकचून दाबतो आणि चाक लॉक होतं. एबीएस नेमकं तेच टाळतं. बजेट ताणायचंच असेल तर यासाठी ताणा, क्रोमच्या आरशांसाठी नको.

कोटेशन

एक्स-शोरूम, रोड टॅक्स, पासिंग, विमा, अॅक्सेसरीज असा प्रत्येक आकडा वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे शांतपणे विचारा. आमच्यापुढे आलेल्या कागदावर विम्याचा एकच गोल आकडा होता. फोड मागितल्यावर त्यात न मागितलेली रोडसाइड मदत निघाली. शोरूमचाच विमा घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. त्याच आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दोन कंपन्यांची कोटेशन ऑनलाइन काढून समोर ठेवली की आकडा बऱ्याचदा खाली येतो.

विम्यात नक्की काय असतं

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. हा विमा कायद्याने सक्तीचा. नव्या दुचाकीला सप्टेंबर 2018 पासून तो एकदम 5 वर्षांचा घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे इथे घासाघीस नाही. जून 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीसाठी पाच वर्षांचे 3851 रुपये होते, 150 च्या वर 350 पर्यंत 7365, वर जीएसटी. म्हणजे 149 सीसीऐवजी 155 सीसी घेतली की हा खर्च जवळपास दुप्पट. विम्याशिवाय सापडलात तर पहिल्यांदा 2000 रुपये दंड.

यातून तुमच्या स्वतःच्या गाडीला काहीच मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेज, म्हणजे लोक ज्याला ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात तो भाग. चोरी, आग, पूर सगळं त्यात येतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या वाहून गेल्या. फक्त थर्ड पार्टी असलेल्यांना विमा कंपनीकडून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टर मारू नका. पाणी आत असताना इंजिन फिरवून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. टोइंग करून न्या.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. नव्या गाडीला ती साधारण एक्स-शोरूम किमतीच्या 95 टक्के असते. हप्ता कमी दिसावा म्हणून ती कोणी खाली ओढली असेल तर सावध व्हा.

झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, घ्यायचं का? पहिल्या दोन वर्षांत घ्या, असं माझं मत. गाडी आडवी पडली की फुटतात इंडिकेटर, मडगार्ड, हेडलाइटचं कव्हर. सगळं प्लास्टिक, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात.

आता एक गोष्ट जी आपल्याकडे हमखास चुकते. पहिली बाइक बाबांच्या नावावर घेतात. पॉलिसीतला 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा मालक-चालकाचा असतो, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) त्याचा. गाडी रोज मुलगा चालवणार आणि विमा बाबांचा! नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, तीही बाबांच्या खात्यात साठते. कमावता मुलगा किंवा मुलगी असेल तर गाडी त्यांच्याच नावावर करा. तसं जमत नसेल तर त्यांचा वेगळा अपघात विमा काढा.

सेकंडहँड घेत असाल तर गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, थकलेली ई-चलनं आणि आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, एवढं पैसे देण्याआधी बघा. विमा 14 दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्याबरोबर जातो.

डिलिव्हरीच्या दिवशी

हार घालण्याआधी पॉलिसीवरचा चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीशी ताडून बघा. दोन्ही किल्ल्या घ्या आणि दुसरी घरी जपून ठेवा, चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही मागते.

भाच्याची गाडी तेराव्या दिवशी पडली, आमच्याच गेटसमोर, साइड स्टँड नीट लागला नव्हता म्हणून. क्लच लिव्हर तुटली आणि आरशाला चरा गेला. तो लगेच क्लेमचा फॉर्म शोधायला लागला. मी त्याला मागे बसवून नाना पेठेत नेलं. नवी लिव्हर घेतली, घरी येऊन पान्याने बसवली आणि पुढच्या वर्षीचा 20 टक्के बोनस वाचवला. आरशावरचा चरा अजून तसाच आहे.