बिएल्सांची ‘माणसाला माणूस’ पद्धत संघाला कशी शिकवावी

अर्जेंटिनाचे फुटबॉल प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा म्हटलं की ३-३-१-३ ही मांडणी (गोलकीपर सोडून, मागून पुढे) आठवते, आणि बरेच प्रशिक्षक तीच फळ्यावर काढून कामाला लागतात. पण पद्धतीचं मूळ आहे प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरण्यात, म्हणून सुरुवात मोजणीपासून करा. समोरच्या संघाचे स्ट्रायकर किती ते पाहा आणि त्यांच्यापेक्षा एक मधला बचावपटू (सेंटर बॅक) जास्त ठेवा. समोर दोन स्ट्रायकर असले तर मागे तीन, म्हणजे ३-३-१-३. एकच असला तर दोन सेंटर बॅक आणि कडेला दोन फुलबॅक, म्हणजे ४-१-४-१. रोसारिओच्या या माणसाने अर्जेंटिनातल्या न्यूवेल्स ओल्ड बॉइज क्लबपासून इंग्लंडच्या लीड्सपर्यंत हा हिशेब सोडला नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या अर्जेंटिनाने सहाही सामने एकही गोल न खाता जिंकले.

आता वाटणी. समोर ४-४-२ आहे असं धरा. आपले तिघे त्यांच्या दोघांवर, त्यातला एक मोकळा राहतो आणि कुणाचा माणूस सुटला तर सावरतो. मधल्या चौघांना आपले चौघे. पुढे मात्र आपण एकाने कमी: विंगर, म्हणजे कडेचे आक्रमक, त्यांचे फुलबॅक धरतात आणि एकटा स्ट्रायकर दोन सेंटर बॅक सांभाळतो. त्याने सरळ धावत गेलं तर एक साधा आडवा पास आणि तो बाद. म्हणून त्याला कमानीत धावायला शिकवा, दोघांमधली वाट बंद करत. हे एकच धावणं रोज दहा मिनिटं वेगळं घ्या. संपूर्ण प्रेस, म्हणजे समोरच्यांवर पुढूनच टाकलेलं दडपण, त्यावर उभा असतो.

सामन्याआधी नावं वाटा, जागा वाटू नका. ‘तू डावीकडे’ असं सांगू नका, ‘आठ नंबर तुझा’ असं सांगा. तो मागे गेला, बाजू बदलली, तरी तुझाच.

दमसासासाठी लीड्समध्ये ‘मर्डरबॉल’ असे: अकरा विरुद्ध अकरा, थ्रो-इन नाही, कॉर्नर नाही, फाऊलसाठीही थांबणं नाही. बॉल बाहेर गेला की काठावरचा सहायक त्याच क्षणी दुसरा आत टाकतो. आपल्याकडे घेताना दहा-बारा बॉल आणि चारही बाजूंना एकेक माणूस हवा. बॉल आणायला कुणी धावत गेलं तर खेळाडूंना श्वास मिळतो आणि सरावाचा जीवच जातो. पहिल्या दोन आठवड्यांत तीन मिनिटांचे तीन डाव पुरे, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. मग हळूहळू पाच मिनिटांपर्यंत वाढवा. शनिवारी सामना असेल तर बुधवारी घ्या, त्यानंतर नको, पाय जड राहतात. डाव चालू असताना फक्त एक गोष्ट पाहा: बॉल हरवल्यावर प्रत्येक जण आपल्या माणसाकडे वळतो की बॉलकडे बघत उभा राहतो. उभा राहणाऱ्याचं नाव टिपा आणि डाव संपल्यावर बोला, मध्ये शिट्टी वाजवू नका.

ही पद्धत मोडते ती साखळीने. एकाचा माणूस निसटतो, शेजारचा मदतीला आपला माणूस सोडतो, मग तिसरा, आणि चार पावलांत गोलसमोर दोघे मोकळे. यावर नियम एकच: मदतीला फक्त मोकळा बचावपटू जाईल, आणि चुकलेला स्वतः मागे धावेल. बाकी कुणी हलायचं नाही. खेळाडूंना हे फार जड जातं, कारण लहानपणापासून ‘बॉलवर जा’ हेच ऐकलेलं असतं.

बचावफळीच्या लगेच पुढे खेळणाऱ्या मधल्या खेळाडूला पर्याय तयार ठेवा. लीड्समध्ये समोर दोन स्ट्रायकर आले की कॅल्विन फिलिप्स दोन सेंटर बॅकच्या मध्ये उतरे, आणि बाकी कुणाला न हलवता मागे तिघे होत. तो, कर्णधार लियाम कूपर आणि स्ट्रायकर पॅट्रिक बॅमफर्ड जखमी असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये पाच सामन्यांत २० गोल बसले आणि बिएल्सांची नोकरी गेली. १६ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये नेलेला तोच संघ, तीच पद्धत. तेव्हा त्या जागेवर दोन खेळाडू आलटून पालटून घडवा. दोघांपैकी कुणीच नसेल, तर त्या दिवशी मैदानभर माणूस धरू नका: मधल्या रेषेच्या मागे या, जागा राखा आणि फक्त आपल्या अर्ध्यात मार्किंग करा.