टाकाऊ बेसॉल्ट-रॉकवूलचं कंपोझिट कमजोर निघतंय? या चुका टाळा

फायबर वाढवलं की ताकद वाढते, हा समज आधी सोडा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींच्या शेडमध्ये हमखास दिसणारा प्रकार असा: पॉलिप्रॉपिलीनमध्ये २० टक्के टाकाऊ बेसॉल्ट (दगड वितळवून काढलेले तंतू) घातलं, टेन्साइल, म्हणजे ओढताना टिकणारी ताकद, जेमतेम वाढली. मग ३० केलं, तर नमुना आणखी लवकर तुटला. दोष टक्क्यांत नसतो, तंतूच्या लांबीत आणि प्लास्टिकशी असलेल्या पकडीत असतो.

तंतू किमान किती लांब हवा, याचा हिशेब सोपा आहे. तंतूची ताकद गुणिले जाडी, भागिले पकडीची दुप्पट. ताकद २००० एमपीए (ताणाचं एकक), जाडी १३ मायक्रॉन, पकड १० एमपीए धरली तर उत्तर १.३ मिमी येतं. त्याहून आखूड तंतू तुटायच्या आधीच उपसून येतो. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन ३ टक्के घालून पकड २० वर गेली, तर ०.६५ मिमी पुरतो. महाग पडतं म्हणून नेमकं हेच वगळतात, ते मला अजिबात पटत नाही.

फायबर एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या स्क्रू-यंत्राच्या, मुख्य हॉपरमध्ये टाकू नका. न वितळलेल्या दाण्यांत ते भरडलं जातं. प्लास्टिक वितळल्यावर साइड फीडरमधून सोडा आणि पुढे नीडिंग ब्लॉक (स्क्रूचे मळणारे भाग) कमीत कमी ठेवा. मग तयार तुकड्यातले २-३ ग्रॅम मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांवर जाळा, उरलेले तंतू पाण्यात अलगद पसरा आणि मायक्रोस्कोपखाली निदान ३०० तंतूंची लांबी मोजा. मोल्डिंगआधीचे दाणे जाळून भागत नाही, कारण मोल्डिंगच्या स्क्रूमध्येही तंतू तुटतात. एवढा धीर नसलेले टक्के बदलत बसतात आणि पोतीच्या पोती वाया घालवतात.

रॉकवूलमध्ये (उष्णतारोधक दगडी लोकर) शॉट असतो, म्हणजे तंतू न झालेल्या बारीक गोळ्या. वजनात फायबर म्हणून धरल्या जातात, ताकद देत नाहीत, उलट तडा तिथूनच धरतो. पाण्यात ढवळा, गोळ्या तळाला बसल्या की वरचं ओतून घ्या, दोनदा. बाइंडर (तंतू एकत्र धरणारं चिकट रसायन) घालवायला रॉकवूल भट्टीत जाळू नका, तंतूची बरीच ताकद तिथेच जाते.

फाउंड्रीच्या भट्टीतून उतरवलेली सिरॅमिक वूल तर घेऊच नका. खूप तापलेल्या भागात क्रिस्टोबलाइट (स्फटिकरूप सिलिका) तयार झालेलं असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. फुकट मिळते हे कारण पुरत नाही.

पावसाळ्यात फायबर १०५ अंशांवर ४ तास वाळवा. नायलॉन ६ असेल तर दाणेही ८० अंशांवर, ओलावा ०.२ टक्क्यांखाली येईपर्यंत.

प्लेटमधून डम्बेल (ओढून तपासायचे नमुने) कापताना प्लास्टिकच्या प्रवाहाच्या दिशेने आणि आडवे, दोन्ही कापा. ग्राहकाला दोन्ही आकडे द्या.