शहरातल्या मातीतले पीएएच कसे तपासावेत

मातीतलं प्रदूषण मोजायचं म्हटलं की सगळे आधी यंत्राबद्दल विचारतात. वर्षानुवर्षं हेच काम करताना माझं मत पक्कं झालंय, निकाल बिघडतो तो बहुतेकदा जागेवर, नमुना घेतानाच.

पेट्रोल, डिझेल, कोळसा, लाकूड अर्धवट जळलं की बेन्झीनची वलयं एकमेकांना जोडलेली संयुगं तयार होतात. तेच पीएएच, म्हणजे पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन. काजळीबरोबर ती खाली बसतात आणि मातीतल्या सेंद्रिय भागाला घट्ट धरून राहतात. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. यांतल्या बेन्झो-ए-पायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो, हे आज निर्विवाद मानलं जातं. म्हणून मुलं ज्या मातीत खेळतात तिची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

खोली किती घ्यायची, हे प्रश्नावर ठरतं. खेळाच्या जागेसाठी वरची दोन ते पाच सेंटिमीटर माती पुरे, कारण हाताला आणि तोंडात जाते ती हीच. भाजीच्या वाफ्यात मुळांपर्यंत, पंधरा-वीस सेंटिमीटर जा. एकाच ठिकाणची ओंजळभर माती घेऊन भागत नाही. त्या तुकड्यात पाच-सहा ठिकाणांहून सारखी माती घ्या आणि स्टीलच्या घमेल्यात एकजीव करा.

ही माती कालवताना डोळे उघडे ठेवा. कधी ज्वारीच्या दाण्याएवढा काळा, चकचकीत कण दिसतो. हातमोज्यातल्या बोटांनी दाबला की फुटत नाही, फासला जातो. तो डांबराचा किंवा कोलटारचा कण. असा एक कण अख्ख्या नमुन्याचा आकडा कुठल्या कुठे नेऊ शकतो. तो गुपचूप काढून टाकू नका. वहीत नोंद करा, आणि शक्य असेल तर तसाच दुसरा नमुना शेजारून घ्या.

खुरपं स्टीलचं हवं. दोन नमुन्यांच्या मध्ये ते साबणाने, पाण्याने आणि शेवटी अ‍ॅसिटोनने धुवा. माती प्लास्टिकच्या पिशवीत नको. तपकिरी काचेची बरणी आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण घ्या. जवळ गाडी चालू ठेवू नका. बरण्या बर्फात घालून आणा, ४ अंशांवर ठेवा आणि १४ दिवसांच्या आत अर्क काढा, म्हणजे मातीतले पीएएच द्रावकात उतरवून घ्या.

प्रयोगशाळेत माती उन्हात किंवा भट्टीत वाळवायची नाही, हलके पीएएच उडून जातात. ओलावा मोजायला वेगळा भाग १०५ अंशांवर वाळवा. उरलेली माती २ मिमीच्या चाळणीतून काढून तिच्यात ओलावा शोषायला निर्जल सोडियम सल्फेट मिसळा. ड्युटेरियमयुक्त मानकं, म्हणजे जड हायड्रोजन असलेले पीएएच, मोजून अर्क काढण्याआधीच घाला, म्हणजे वाटेत किती हरवलं ते कळतं. मग सॉक्सलेटमध्ये (मातीतून तेच द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) हेक्झेन-अ‍ॅसिटोनने १६ ते २४ तास अर्क, सिलिका जेलने सफाई. द्रावक आटवताना कोरडं होईपर्यंत कधीच नेऊ नका, नॅफ्थलीन, म्हणजे सगळ्यात हलकं पीएएच, हातचं जाईल.

जीसी-एमएसवर, म्हणजे संयुगं वेगळी करून त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, बेन्झो-ए-पायरीन २५२ या वस्तुमानावर दिसतं, पण बेन्झो-ई-पायरीन आणि पेरिलीनसुद्धा तिथेच दिसतात. आलेखात प्रत्येकाचं शिखर नीट सुटं झालं आहे ना, हे स्वतः बघा. सॉफ्टवेअरने मांडलेला आकडा तसाच उचलू नका.

स्रोताचा अंदाज घ्यायला फ्लोरँथीन आणि पायरीन या दोन पीएएचचे आकडे घ्या, फ्लोरँथीनला दोन्हींच्या बेरजेने भागा. उत्तर ०.४ च्या खाली आलं तर सांडलेलं तेल, ०.४ ते ०.५ मध्ये द्रव इंधनाचं ज्वलन, त्याच्या वर लाकूड किंवा कोळसा. शहराच्या मातीत सगळंच मिसळलेलं असतं, म्हणून एवढ्यावरून मी कुणावर बोट ठेवत नाही.

अहवालात आकडा कोरड्या मातीच्या दर किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये द्या, सोबत खोली आणि तारीख लिहा. काही सापडलं नाही तर शून्य लिहू नका. तुमची पद्धत किमान किती पकडू शकते तो आकडा लिहा.