ग्रासकटर, विडर ठेवून देताय? आधी पेट्रोल काढा

सोयाबीन-कपाशीतली निंदणी-डवरणी संपली की पॉवर विडरचं काम थांबतं. कोकणात भात घरात आलं, बागेतलं गवत मारून झालं की ग्रासकटरही खुंटीला लागतो. मग यंत्राला हात लागतो तो थेट जूनमध्ये, आणि पहिल्या पावसानंतर गॅरेजपुढे ‘चालूच होत नाही’ म्हणणाऱ्यांची रांग लागते. यातल्या बऱ्याच इंजिनांत काही मोडलेलं नसतं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर तुंबलेला असतो, आणि तुंबतो तो टाकीत तसंच सोडलेल्या पेट्रोलमुळे.

पेट्रोल महिना-दोन महिने पडून राहिलं की त्यातला लवकर पेट घेणारा हलका भाग उडून जातो. उरलेलं घट्ट होत चिकट राप धरतं. कार्बोरेटरमधल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक इतकं बारीक असतं की एवढा राप ते बुजवायला पुरतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं; ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. जुन्या इंजिनांतले रबरी पाइप आणि ग्रासकटरच्या कार्बोरेटरमधला पातळ पडदाही अशा पेट्रोलात कडक होतो.

‘टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे गंज लागत नाही’ असं जुनी माणसं सांगतात. लोखंडी टाकी आणि बिनइथेनॉलचं पेट्रोल होतं तेव्हा त्यात तथ्य होतं. आता बहुतेक ग्रासकटरच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत. आठ महिन्यांसाठी टाकी रिकामीच बरी.

इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून टाकी रिकामी करा. फोर-स्ट्रोकचं (ज्यात ऑइल वेगळं भरतात त्या इंजिनचं) पेट्रोल ताजं असेल तर मोटारसायकलमध्ये घालून संपवा. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मात्र गाडीत घालू नका. हंगामाच्या शेवटी ते लागेल तेवढंच मिसळायचं. टाकी रिकामी झाली तरी कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल असतंच, आणि खरं नुकसान तेच करतं. म्हणून टाकीचं झाकण लावा, सांडलेलं पुसून वाळू द्या, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आचके देऊ लागलं की चोक ओढा, उरलेलं जळून जाईल. विडर किंवा पाण्याच्या पंपाच्या कार्बोरेटरला खाली निचऱ्याचा स्क्रू असतो. इंजिन निवल्यावर तो सैल करून राहिलेले थेंब काढा आणि पुन्हा घट्ट करा.

फोर-स्ट्रोकचं ऑइल आत्ताच बदला, जूनवर ढकलू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, ओलावा आणि आम्ल साठलेलं असतं. ते आठ महिने बेअरिंगला चिकटून राहणं चांगलं नाही. इंजिन कोमट असताना ऑइल सहज निथळतं. खर्चही फार नाही: पाठीवरच्या ३५ सीसी फोर-स्ट्रोक ग्रासकटरला साधारण १०० मिली आणि २०० सीसीच्या आसपासच्या विडरला ६०० मिलीच्या जवळपास ऑइल लागतं. नेमकं माप यंत्राच्या पुस्तिकेत बघा. काळं ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या.

आता ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढा. त्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, स्वच्छ इंजिन ऑइल सोडा. इंजिनचा स्विच बंद ठेवून, भोकावर फडकं धरून इंजिन चालू करायची दोरी दोन-तीनदा हळू ओढा, म्हणजे सिलिंडरला आतून ऑइल लागेल. प्लग बसवून दोरी पुन्हा सावकाश ओढा आणि जड लागली की तिथेच थांबा. फोर-स्ट्रोकमध्ये या जागी हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा आत जात नाही.

एअर फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलचे चार थेंब लावून पिळा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, नुसता झटकायचा. सिलिंडरवरच्या, तो थंड ठेवणाऱ्या पात्यांतलं वाळलेलं गवत काढा, विडरच्या पात्यांवरचा चिखल खरवडून ऑइलचा हात फिरवा. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करते. फडक्याची खूण हँडलला बांधून ठेवा.

यंत्र युरिया-पोटॅशच्या गोण्यांशेजारी अजिबात ठेवू नका. खतं ओलावा धरतात आणि धातू खातात. लाकडी फळीवर सरळ उभं ठेवा. फोर-स्ट्रोक आडवं पडलं तर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं. वरून सुती कापड किंवा गोणपाट टाका. प्लास्टिकखाली घाम धरतो.

जूनमध्ये आधी सायलेन्सरचं फडकं काढा. प्लग काढून, स्विच बंद ठेवून दोरी चार-पाचदा ओढा, साचलेलं ऑइल बाहेर येईल. प्लग पुसून बसवा, ताजं पेट्रोल घाला. पहिली काही मिनिटं निळसर धूर येईल, तो त्या चमचाभर ऑइलचा. फोर-स्ट्रोकमध्ये धूर थांबलाच नाही, तर इंजिन बंद करून ऑइलची पातळी वर गेली आहे का ते बघा.