जुनी स्विफ्ट घेताय किंवा तिचे पार्ट आणताय? साल नंतर, आधी इंजिन नंबर वाचा

जुनी गाडी म्हटलं की पहिला प्रश्न, कितीचं मॉडेल? पण स्विफ्टच्या बाबतीत सालावरून इंजिन ठरवायला गेलात तर फसाल. मे 2005 ला ही गाडी आली तेव्हापासून तिच्या बॉनेटखाली पाच वेगवेगळी इंजिनं बसलीयत आणि त्यातली काही एकाच वर्षाच्या गाड्यांमध्ये सापडतात.

माझ्या चुलतभावाची गाडी 2010 पासिंगची. तिचा फॅन बेल्ट आणायला मी नाना पेठेत गेलो, दुकानदाराने साल विचारलं, मी 2010 सांगितलं, त्याने 1.2 चा बेल्ट काढून दिला. घरी मेकॅनिकने जुन्या बेल्टशेजारी तो नुसता लटकवून धरला आणि म्हणाला, दादा लांबीच वेगळी आहे, तुमची 1.3 आहे. गाडी बनलेली 2009 ची आणि पासिंग झालं पुढच्या जानेवारीत, एवढंच कारण.

म्हणून आरसी हातात घ्या आणि पासिंगची तारीख सोडून गाडी बनल्याचा महिना-वर्ष बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं वाचा. जी13बीबी म्हणजे जुनं 1.3 पेट्रोल, डी13ए म्हणजे डिझेल, के12एम म्हणजे 2010 पासूनचं 1.2, के12एन म्हणजे 2021 च्या फेसलिफ्टपासूनचं, म्हणजे बाहेरचं रूप थोडं बदललं तेव्हापासूनचं, ड्युअलजेट आणि झेड12ई म्हणजे मे 2024 पासूनचं तीन सिलिंडरचं. सीसीवर विसंबू नका, कारण शेवटच्या तिन्हींची सीसी 1197 च आहे, पण पार्ट वेगळे! के12एममध्ये दर सिलिंडरला एक इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, के12एनमध्ये दोन. 2021 मध्ये बनलेल्या दोन गाड्या लांबून जवळपास सारख्या दिसतात आणि आत इंजिन वेगळं निघतं. 2011 ला तर बॉडीच बदलली, त्यामुळे 2011 ची स्विफ्ट म्हणून पार्ट मागितला तर जुन्या शेपची का नव्या शेपची हे सांगावंच लागतं.

आता टिकाऊपणाचं. पेट्रोलमध्ये माझं मत सरळ आहे, के12एम डोळे झाकून घ्या, टायमिंग चेन आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारी साखळी, साधं इंजिन आहे आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक ते हाताळतो. जी13बीबीला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, आणि रबर किलोमीटर कमी असले तरी वयाने कडक होतं, तेव्हा बेल्ट बदलल्याचं बिल मागा, बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून त्याचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. झेड12ई अजून तरुण आहे, लाख-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाड्या भरपूर आल्या की मग बोलू.

खरी काळजी घ्यायची ती डिझेलची, म्हणजे 2007 ते 2020 मधली गाडी असेल तर. हे मूळ फियाटचं 1.3 मल्टीजेट, 1248 सीसी, आपल्या रांजणगावलाही बनायचं, पुंटो, इंडिका व्हिस्टा, रिट्झ, डिझायर सगळ्यांत हेच. दणकट इंजिन आहे पण ऑइलच्या बाबतीत अजिबात माफ करत नाही. कारण टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, ऑइल कमी झालं किंवा काळं होऊन जाड झालं की चेन ढिली पडते, आणि चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात, मग हेड खोलल्याशिवाय सुटका नाही. 10,000 किलोमीटरला ऑइल बदलायचं म्हणजे बदलायचं, आणि मधेमधे डिपस्टिक बघायची.

पार्ट घेताना अजून एक. इंजिन एकच आहे म्हणून दुसऱ्या गाडीचा टर्बो कुर्ल्याच्या भंगारातून उचलून आणू नका. स्विफ्टचं इंजिन 75 हॉर्सपॉवरचं, टर्बो साधा. पहिल्या अर्टिगाचं आणि एसएक्स4 चं 90 चं, त्यांचा टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणे फिरणारा, तो यात चालणार नाही. दुकानात जाताना आरसीचा फोटो आणि शक्य असेल तर जुना पार्टच पिशवीत टाकून न्या, त्यावरचा पार्ट नंबर नव्या डब्यावर जुळला तरच पैसे द्या.

आणि डिझेल बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर जा, मालकाला आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तर बॉनेट उघडून स्वतः कान देऊन उभे राहा आणि दुसऱ्याला चावी फिरवायला लावा. डिझेलचा नेहमीचा टकटक आवाज वेगळा, तो राहणारच, पण पहिले दोन-तीन सेकंद डब्यात साखळी हलवल्यासारखी खळखळ ऐकू आली तर चेन किट बदलायला आलंय असं समजा आणि मेकॅनिककडून खर्च विचारल्याशिवाय टोकन देऊ नका.